आवाज आला म्हणजे प्रयोग संपला का?



२८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, जवळ आला की आपल्या शाळांत एकच धावपळ सुरू होते. पुठ्ठे, रंगीत कागद, फेव्हिकॉल, एलईडीच्या माळा. ज्वालामुखी धूर सोडतो, सिरिंजचा जेसीबी हात हलवतो, पवनचक्की गरगर फिरते. पाहुणे येतात, फीत कापली जाते, फोटो ग्रुपवर पडतात. दुसऱ्या दिवशी ती सगळी मॉडेल्स कपाटावर जाऊन बसतात आणि पुढच्या वर्षी धूळ झटकून परत खाली येतात.

मुलं मेहनत घेतात, पालक साहित्य आणून देतात, त्यात वाईट काहीच नाही. पण मला एक प्रश्न पडतो आणि तो मी आज तुमच्यापुढे ठेवते. मॉडेल चाललं, दिवा लागला, आवाज आला, की आपण टाळ्या वाजवतो आणि प्रयोग संपला असं समजतो. खरंच संपतो का तो तिथे?

माझं स्पष्ट मत असं आहे की वस्तू बनवणं हा प्रयोगाचा पहिला अर्धा भाग आहे. ती किती चालते, कुठे चालते, कुठे अडते आणि का अडते हे मोजून लिहिणं हा दुसरा अर्धा भाग. विज्ञान त्या दुसऱ्या अर्ध्यात असतं, आणि आपल्या शाळांत नेमका तोच गळून पडतो. हे मी एका साध्या उदाहरणावरून सांगणार आहे : पातळ पडद्याचा स्पीकर आणि त्याला आवाज देणारं अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट. नाव मोठं वाटलं तरी घाबरू नका. मी डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका आहे, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी माझ्याकडे नाही. जे मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

पातळ पडदा बोलतो कसा?

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. गॅस पेटवायचा लायटर आपण ‘टक’ करून दाबतो आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना वायर. मग वीज आली कुठून? आत एक खास पदार्थाचा तुकडा असतो. त्याच्यावर जोराचा ठोका बसला की त्याच्या दोन बाजूंमध्ये विजेचा दाब तयार होतो. यालाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. फ्रान्समधल्या जॅक आणि पिअर क्यूरी या दोन भावांनी तो १८८० साली शोधला. (हे पिअर म्हणजेच पुढे मेरी क्यूरी यांचे पती.) पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणिताने दाखवलं की याच्या उलटंही व्हायला हवं : अशा पदार्थाला वीज दिली तर तो आकार बदलेल. क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने तपासलं आणि ते खरं निघालं.

लक्षात घ्या, लिपमन यांचं गणित बरोबर होतं, तरी ते तपासूनच स्वीकारलं गेलं. आपण वर्गात मुलांना नेमका हा भाग सांगत नाही.

वीज दिली की पदार्थ आकार बदलतो. वीज सेकंदाला हजार वेळा उलटसुलट केली तर पदार्थ सेकंदाला हजार वेळा ताणला-आकसला जातो, हवा थरथरते आणि आपल्याला सूर ऐकू येतो. हाच पातळ स्पीकर. वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात जी पितळी चकती असते ती याच जातीची.

पण ती चकती ठिसूळ असते. १९६९ साली जपानमध्ये हेइजी कावाई यांना आढळलं की पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकला ताण देऊन आणि मोठा विद्युत दाब लावून तयार केलं, तर त्याच्यातही हा गुण चांगलाच उतरतो. मग कागदासारखी पातळ, वाकणारी फिल्म मिळाली. तिच्या दोन्ही बाजूंना धातूचा अतिपातळ थर दिला की झाला स्पीकर. लोहचुंबक नाही, तारेचं वेटोळं नाही, कागदी शंकूही नाही.

इथे एक गंमत आहे आणि ती तिसरीच्या मुलालाही दाखवता येते. ही फिल्म मुख्यतः लांबीच्या दिशेने ताणली जाते. सपाट फिल्म लांबीत अगदी किंचित कमी-जास्त झाली तर हवा कशी ढकलली जाणार? म्हणून ती थोडी वाकवून, कमानीसारखी बसवतात. वहीच्या जाड कागदाची २० सेंटीमीटर लांब पट्टी घ्या. दोन्ही टोकं टेबलावर धरून मध्ये साधारण २ सेंटीमीटरचा उंचवटा येऊ द्या. आता एक टोक फक्त १ मिलिमीटर आत सरकवा. मधला उंचवटा त्याच्या जवळजवळ दुप्पट हलतो. मुलांना पट्टीने मोजायला लावा. लांबीतला छोटा बदल कमानीमुळे मोठ्या हालचालीत बदलतो, हे त्यांना कोणत्याही व्याख्येशिवाय कळतं.

पाट आणि तुषार

आता अ‍ॅम्प्लिफायरकडे येऊ. मोबाईलमधून हेडफोनला जाणारा सिग्नल फार लहान असतो. त्याला मोठं करायचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नेहमीच्या स्पीकरसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर पातळ पडद्याला जोडला तर आवाज पुष्कळदा अगदी बारीक येतो. मुलं म्हणतात, ‘बाई, बिघडलंय.’ बिघडलेलं काहीच नसतं.

शेतातलं उदाहरण घ्या. पाटाने पाणी द्यायचं असेल तर पाणी भरपूर लागतं, दाब थोडा असला तरी चालतं. तुषार सिंचनाला पाण्याचं प्रमाण त्या मानाने कमी लागतं, पण दाब नसेल तर फवारा उडतच नाही. नेहमीचा ४ किंवा ८ ओहमचा स्पीकर हा पाटासारखा आहे, त्याला प्रवाह हवा. पातळ पडदा तुषारसारखा आहे, त्याला दाब हवा, म्हणजेच व्होल्ट. आपला अ‍ॅम्प्लिफायर ९ व्होल्टच्या बॅटरीवर असेल तर त्याची झेप ९ व्होल्टच्या आतच राहणार. मग पडदा कुजबुजल्यासारखा बोलेल नाही तर काय!

सातवी-आठवीच्या मुलांना यातलं गणितही देता येतं. पडदा विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असतो : दोन धातूचे थर आणि मध्ये प्लास्टिक किंवा सिरॅमिक. कपॅसिटरचा विरोध काढायचा तर १ ला (२ × पाय × वारंवारता × कपॅसिटन्स) ने भागायचं. बाजारात मिळणाऱ्या २७ मिलिमीटरच्या पिझो चकतीचा कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असतो. त्यावरून १०० हर्ट्झला विरोध येतो सुमारे ८०,००० ओहम, १,००० हर्ट्झला ८,००० ओहम आणि १०,००० हर्ट्झला ८०० ओहम. नेहमीच्या स्पीकरच्या ८ ओहमशी तुलना करा म्हणजे फरक लक्षात येईल.

फिल्म मोठी झाली की चित्र बदलतं. वहीच्या पानाएवढी, म्हणजे ए-४ आकाराची आणि २८ मायक्रॉन जाडीची पीव्हीडीएफ फिल्म धरली तर हिशेबाने कपॅसिटन्स साधारण २४० नॅनोफॅरड येतो. १०,००० हर्ट्झला तिचा विरोध फक्त ६५-७० ओहम उरतो. म्हणजे खालच्या सुरांना ती जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही आणि वरच्या सुरांना बऱ्यापैकी घेते. शिवाय असा कपॅसिटर थेट जोडला तर काही अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होतात, स्वतःच शिट्टी मारायला लागतात किंवा विनाकारण तापतात. म्हणून मध्ये एक छोटा रेझिस्टन्स टाकतात. पाठ्यपुस्तकात आपण त्याला रोधक म्हणतो, दुकानात ‘रेझिस्टन्स द्या’ म्हटलं की मिळतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत व्लादिमिर बुलोविच, जिंची हान आणि जेफ्री लँग यांनी २०२२ मध्ये कागदासारखा पातळ स्पीकर दाखवला. त्यात ८ मायक्रॉनची पीव्हीडीएफ फिल्म आहे आणि तिच्यावर असंख्य बारीक घुमट उठवलेले आहेत. घुमट म्हणजे आपली ती वाकवलेली कागदी पट्टीच, फक्त फार छोटी. त्यामुळे हा स्पीकर भिंतीला सपाट चिकटवला तरी वाजतो. पण मला त्या कामात सगळ्यात जास्त आवडलं ते त्यांचं मोजमाप. २५ व्होल्ट देऊन ३० सेंटीमीटर अंतरावर १ किलोहर्ट्झला ६६ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला ८६ डेसिबल, असे त्यांनी आकडे दिले. व्होल्ट तेच, अंतर तेच, तरी २० डेसिबलचा फरक. म्हणजे वरच्या सुरात ध्वनीचा दाब दहापट. ‘आमचा कागद वाजतो’ एवढंच सांगून ते थांबले असते, तर त्याचा कुणाला काय उपयोग झाला असता?

सर्किट : साहित्य आणि जोडणी

पीव्हीडीएफ फिल्म तालुक्याच्या दुकानात मिळणार नाही. म्हणून शाळेत पिझो चकती वापरायची. ती फिल्म नाही, पितळी पत्र्यावर चिकटवलेलं सिरॅमिक आहे. पण वागणूक त्याच कुळातली आणि किंमत चहाच्या एक-दोन कपांएवढी. अ‍ॅम्प्लिफायरसाठी एलएम३८६ नावाची आठ पायांची आयसी घ्या. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांना नाव सांगितलं की ते लगेच ओळखतात.

जोडणी ब्रेडबोर्डवर करा, म्हणजे सोल्डरिंगचा प्रश्न येत नाही.

१) पिन ६ ला बॅटरीचा अधिक, पिन ४ ला उणे. या दोन्हींमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.
२) पिन २ उणे बाजूला जोडा. पिन ३ ला १० किलोओहमच्या व्हॉल्युम कंट्रोलचा मधला पाय. फोनचा सिग्नल व्हॉल्युम कंट्रोलच्या एका टोकाला, दुसरं टोक उणे बाजूला. फोनच्या वायरचा दुसरा पदरही उणे बाजूलाच.
३) पिन ५ मधून आवाज बाहेर पडतो. तिथून २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची अधिक बाजू आयसीकडे. पुढे स्पीकर.
४) पिन ५ पासून उणे बाजूपर्यंत १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकापुढे एक. ही जोडी आयसीची शिट्टी थांबवते.
५) पिन १ आणि ८ मोकळ्या ठेवल्या तर सिग्नल २० पट वाढतो. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरड टाकला तर २०० पट. शाळेसाठी २० पुरे.
६) स्पीकरच्या जागी चकती जोडताना तिच्या आधी १०० ओहमचा रेझिस्टन्स, आणि चकतीला समांतर १ किलोओहमचा.

सुरक्षिततेबद्दल थोडं कडक बोलते. वर्गात माझी मर्यादा ९ व्होल्टची बॅटरी. व्होल्ट वाढवायला जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडतात, त्याने दाब दहा-अकरा पट होतो. दोन आयसी परस्परविरुद्ध चालवून चकतीवरची झेप दुप्पटही करतात. ही कामं वरच्या वर्गांची आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालची. घरातल्या विजेचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडायचा प्रयोग तर मुलांसमोर बोलूसुद्धा नका, त्यातून शॉक बसण्याइतका दाब येऊ शकतो. सर्किटला जोडलेला फोन त्या वेळी चार्जिंगला नको. आणि चकती कानाजवळ धरायची नाही, तिचा सूर फार टोचतो.

खरी शाळा इथे भरते

जोडणीला एक तास लागतो. पुढचे तीन तास तपासणीचे, आणि मी म्हणते ते शिक्षण त्या तीन तासांत आहे.

पहिली तपासणी आवाजाशिवाय. बॅटरी जोडून पिन ५ आणि उणे बाजू यांच्यात मल्टिमीटर डीसीवर लावा. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर साधारण साडेचार व्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे निम्मे. आयसीला बोट लावून बघा, ती गरम नको. निम्मे व्होल्ट आले नाहीत तर पुढे जायचं नाही. जोडणी परत तपासायची. ‘आधी मुळाशी बघ, मग पुढे जा’ ही सवय लागायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरी तपासणी नेहमीच्या ८ ओहमच्या स्पीकरवर. तो वाजला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बरा आहे. मगच चकती जोडायची. नाहीतर दोष सर्किटचा की चकतीचा, हे कळणारच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तिसरी तपासणी तक्त्याची. फोनवर ठरावीक सूर वाजवणारं अ‍ॅप घ्या : २००, ५००, १,०००, २,०००, ४,००० आणि ८,००० हर्ट्झ. दुसऱ्या फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप, बरोबर ३० सेंटीमीटरवर. आधी सर्किट बंद ठेवून वर्गातल्या गोंगाटाचा आकडा लिहा. मधल्या सुट्टीत हे करू नका! मग प्रत्येक सुराला तीन वाचनं आणि त्यांची सरासरी. फोनचं अ‍ॅप प्रमाणित उपकरण नव्हे, म्हणून त्याचा आकडा ‘खरे डेसिबल’ म्हणून मिरवायचा नाही. पण तोच फोन, तीच जागा असेल तर तुलना करायला तो चालतो. हा फरक मुलांना जरूर सांगा.

मल्टिमीटरच्या बाबतीतही सावध राहा. स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात खालची पायरी बहुधा २०० व्होल्टची असते, आणि ते ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेलं असतं. ८,००० हर्ट्झला त्याने कमी आकडा दाखवला तर लगेच सर्किटला दोष देऊ नका. मोजायचं साधनसुद्धा तपासावं लागतं.

तक्ता भरत आला की मुलांचे डोळे चमकायला लागतात. २०० आणि ५०० ला आकडा गोंगाटाच्या जेमतेम वर. ४,००० च्या आसपास एकदम उडी, कारण २७ मिलिमीटरची मोकळी चकती साधारण त्याच सुराला स्वतःहून थरारते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसंच.

आणि इथेच एक फसवणूक लपलेली असते. खालच्या सुराला आवाज वाढावा म्हणून एखादा मुलगा व्हॉल्युम पूर्ण फिरवतो. आकडा वाढतो, तो खूश होतो. पण कान देऊन ऐका, सूर फाटलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरची झेप बॅटरीला जाऊन आपटते, लाटेचे माथे कापले जातात आणि त्यातून वरचे नको असलेले सूर तयार होतात. चकतीला नेमके तेच आवडतात. म्हणजे वाढला तो ५०० हर्ट्झचा आवाज नाही, बिघाडाचा आवाज वाढला. आकडा मोठा म्हणजे काम चांगलं, हा समज मुलांच्या मनातून इथे निघून जातो. आपल्या स्वतःच्याही मनातून निघाला तर बरंच की!

चौथी तपासणी सगळ्यात मजेची. चकती मोकळी धरा, मग दुहेरी टेपने पुठ्ठ्याच्या खोक्याला लावा, मग स्टीलच्या ताटाला, फुग्याला, आणि जुन्या एक्स-रे फिल्मला. फिल्म एकदा सपाट, एकदा वाकवून. प्रत्येक वेळी काय होईल ते मुलांनी आधी वहीत लिहायचं, मग मोजायचं. अंदाज आणि वाचन शेजारी-शेजारी. अंदाज चुकला तर खोडायचा नाही.

तबल्याचं उदाहरण इथे जरूर द्या. नुसतं कातडं ताणून बडवलं तर सूर नीट लागत नाही. मधल्या शाईमुळे तो लागतो. सर सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर लेख लिहिला होता. ज्यांच्या १९२८ च्या शोधासाठी आपण विज्ञान दिन साजरा करतो, ते रामन तबला-मृदंगाचा पडदा तपासत होते. पातळ पडद्यावर काय चिकटवलं आणि कुठे चिकटवलं याने सूर बदलतो, हे आपल्या कारागिरांनी ऐकून-ऐकून शोधलं आणि रामन यांनी ते शास्त्राच्या भाषेत मांडलं. दोघांचीही पद्धत तपासण्याचीच.

तो तक्ता कुणी वाचला नाही

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. आमच्या सातवीतल्या एका मुलीने ही चकती आणि तिचा तक्ता एका प्रदर्शनात मांडला होता. मांडणी साधी : ब्रेडबोर्ड, चकती, पुठ्ठ्याचं खोकं आणि दोन पानांची वाचनं. परीक्षक आले. आवाज ऐकून म्हणाले, ‘एवढाच आवाज?’ ती म्हणाली, ‘सर, खालचे सूर कमी येतात, वरचे चांगले येतात. तक्त्यात लिहिलंय बघा.’ परीक्षकांनी तक्त्याकडे न बघता पुढच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. तिथे विकत आणलेल्या किटचा मोठा स्पीकर दणदणत होता. पहिला क्रमांक त्याला मिळाला.

मला बक्षिसाचं दुःख नाही. तिने परत येताना मला विचारलं, ‘बाई, पुढच्या वेळी तक्ता नको लावू का?’ हा प्रश्न मला अजून टोचतो. बारा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी आपण सगळ्या मोठ्यांनी मिळून शिकवलं की मोजणं वाया जातं, दणदणाट कामाला येतो. हीच मुलगी उद्या औषधाच्या कंपनीत, पाण्याच्या प्रयोगशाळेत किंवा पुलाच्या कामावर असेल. तिथे तिने वाचनं न घेता ‘चालतंय की’ म्हणून सही केली, तर दोष कुणाचा?

मी तिला सांगितलं, तक्ता ठेवायचा, आणखी मोठा करायचा. पण एका शिक्षिकेने सांगून काय होणार? प्रदर्शनाची पद्धतच तिला उलटं सांगत असेल तर ती कुणाचं ऐकेल?

‘पण बाई, आपल्याकडे हे कसं जमणार?’

हे आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात, म्हणून त्यांची उत्तरं देते.

‘वेळ नाही.’ खरंय, शिष्यवृत्तीचे सराव, माहितीचे तक्ते, प्रशिक्षणं, सगळं आपल्याच डोक्यावर असतं. पण सरासरी काढणं, आलेख काढणं, दशांश अपूर्णांक, वाक्यात निरीक्षण लिहिणं हे सगळं अभ्यासक्रमातलंच आहे. तोच गणिताचा तास या तक्त्यावर घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत, त्यातला एक दिवस याला द्या.

‘हे प्राथमिकचं काम नाही.’ सर्किट जोडणं नसेल, मान्य. पण कागदाची पट्टी वाकवणं, खोक्यावर आणि ताटावर आवाज ऐकणं, अंदाज आधी लिहिणं हे तिसरी-चौथीलाही जमतं. सवय लवकर लागली तर पुढे कष्ट कमी.

‘अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांना सोपं, आम्हाला कुठे?’ लॅब असली तर उत्तमच. पण या प्रयोगाला महाग साहित्य लागत नाही. दोन फोन शिक्षकांचेच पुरतात. ज्या मुलाचे वडील मोटार वाइंडिंग करतात किंवा रेडिओ दुरुस्त करतात, त्याला वर्गात पुढे बोलवा. जे मूल वाचनात मागे असतं ते मल्टिमीटर हातात आल्यावर किती पुढे जातं, हे एकदा अनुभवाच.

‘मुलांना यातलं गणित कळत नाही.’ सगळं कळायची गरजही नाही. ‘वरच्या सुराला जास्त, खालच्या सुराला कमी’ एवढं एक वाक्य मुलाने स्वतःच्या आकड्यांवरून लिहिलं, तरी ते पाठ केलेल्या दहा व्याख्यांपेक्षा मोलाचं आहे.

मग आपण काय करू शकतो?

प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा : ‘तपासणी आणि नोंदी’. सजावटीला जेवढे गुण, निदान तेवढे तरी याला. केंद्रस्तरावर हे ठरवणं केंद्रप्रमुख आणि आपल्यासारख्या शिक्षकांच्याच हातात असतं, त्याला मंत्रालयातून आदेश यायची वाट बघायला नको.

परीक्षक म्हणून तुम्हाला बोलावलं तर प्रत्येक टेबलावर तीन प्रश्न विचारा. हे कुठे चालत नाही? ते तुला कसं कळलं? पुढच्या वेळी कोणती एकच गोष्ट बदलशील? ज्याने मॉडेल विकत आणलंय तो पहिल्याच प्रश्नाला गप्प होईल. ज्याने स्वतः तपासलंय त्याला थांबवावं लागेल.

आणि मुलांना एक साधी वही द्या. तारीख, काय बदललं, अंदाज, वाचन, निष्कर्ष असे पाच रकाने. न चाललेल्या प्रयोगाचं पान फाडायला बंदी. वर्षाच्या शेवटी मॉडेलसोबत ही वहीसुद्धा टेबलावर ठेवा, आणि पालक आले की आधी वही हातात द्या.

स्पीकर बाजारात कितीही चांगला मिळतो. स्वतः घेतलेल्या वाचनावर विश्वास ठेवून ‘सर, तक्त्यात बघा’ म्हणणारं मूल मात्र शाळेतच घडवावं लागतं. यंदाच्या प्रदर्शनात असं मूल तुमच्यासमोर उभं राहिलं, तर कृपया दोन मिनिटं थांबा आणि तो तक्ता वाचा.